पडद्यावरील भाई आणि पिटांतील तरुण

सुशिक्षित घरांतून बोलपटांविषयीं जें बोलणें चालतें, त्यांतील एक तक्रार गेल्या ऐंशी वर्षांत फारशी बदललेली नाहीं. शहरांतील चोर, खिसेकापू, दारूचे गुत्तेवाले आणि खंडणी उकळणारे ‘भाई’ यांच्या कथांवर रचिलेले बोलपट कामकरी वस्तींतील तरुणांस वेड लावितात, अशी ती तक्रार. हे तरुण पडद्यावरील गुंडाचें चालणें उचलतात, त्याचें बोलणें उचलतात, केंसांची ठेवण उचलतात. आणि आज ठेवण उचलणारा हात उद्यां सुरा उचलणार नाहीं कशावरून, असें विचारलें जातें. ही भीति अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु भीति वाटूं लागली म्हणजे मनुष्य प्रश्न विचारण्याचें सोडून उत्तरेंच देऊं लागतो, तसें येथें झालें आहे. हाच तरुण पौराणिक बोलपट पाहतो, प्रेमकथा पाहतो, विनोदी चित्रें पाहतो. तीं त्याला आवडतातही. मग घरीं परततांना ज्याचीं वाक्यें त्याच्या ओठांवर राहतात आणि ज्याच्या नायकास तो आपल्या आळींतल्या सोबत्याप्रमाणें एकेरी नांवानें हांक मारतो, तो बोलपट बहुधा गुन्हेगारीचाच कां असावा? या प्रश्नाचा विचार मुख्यतः मुंबईच्या बोलपटांपुरता करावा, असा आमचा येथें हेतु आहे.

तक्रार किती जुनी आहे तें आधीं पाहूं. १९४३ सालीं बाँबे टॉकीजचा ‘किस्मत’ लागला. त्यांतील अशोककुमारनें वठविलेला नायक खिसेकापू होता, आणि खिसेकापू असूनही तो शेवटपर्यंत नायकच राहिला. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहांत तो बोलपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला, आणि गुन्हेगारास नायक केल्याबद्दल त्यावर टीकाही झाली. अमेरिकेंत हें त्याच्याही आधीं होऊन गेलें होतें. तेथें १९३१ सालीं ‘लिटल सीझर’ व ‘पब्लिक एनिमी’ आणि १९३२ सालीं ‘स्कारफेस’ हे बोलपट निघाले. १९३३ सालीं बोलपट आणि तरुणांची गुन्हेगारी यांचा संबंध तपासणारें पुस्तक विद्वानांनीं प्रसिद्ध केलें. आणि १९३४ पासून त्या व्यवसायानें स्वतःच केलेली नीतिनियमांची संहिता कडकपणें अमलांत आणली. गुंड पडद्यावर आला कीं त्याच्या पाठोपाठ धर्मोपदेशक, प्राध्यापक आणि परीक्षकमंडळ येतें, असा जणूं नियमच आहे. गुंडाचा प्रेक्षक मात्र या साऱ्यांच्या गर्दींतून वाट काढून पुन्हा आपल्या बाकावर येऊन बसतो.

या आवडीचीं दोन स्पष्टीकरणें नेहमीं दिलीं जातात. पहिलें अनुकरणाचें. तरुणाला गुंड व्हावयाचें असतें म्हणून तो गुंड पाहतो, असें हें मत. यांत एक अडचण आहे. या बोलपटांतील नायक शेवटीं मरतो. ‘दीवार’मधील विजय मरतो, ‘सत्या’मधील भिकू म्हात्रे मरतो आणि सत्याही मरतो, ‘वास्तव’मधील रघूला तर त्याची जन्मदाती आईच गोळी घालते. मरावयाचें कसें हें शिकण्यासाठीं कोणी तिकीट काढीत नाहीं. दुसरें स्पष्टीकरण मनोराज्याचें. दिवसभर ज्याला मुकादम दटावतो आणि पोलीस हटकतो, तो अंधारांत बसून दोन-तीन तास दुसऱ्यांस दटावण्याचें सुख भोगतो, असें हें म्हणणें. यांत तथ्य आहे. पण मनोराज्यच हवें असेल तर त्यासाठीं परदेशच्या बागा आणि संगमरवरी जिने दाखविणारे बोलपट थोडे का आहेत? मनोराज्य करावयास निघालेला मनुष्य गळकें छप्पर, नळावरची रांग आणि दहा हात लांबीच्या खोलींत झोपलेलीं सात माणसें पाहावयास जात नाहीं. तीं तो घरीं फुकट पाहतो.

या दोहोंहून खोल जाणारा विचार रॉबर्ट वॉर्शो या अमेरिकन टीकाकारानें १९४८ सालीं आपल्या एका लहानशा निबंधांत मांडला. त्याचा मथितार्थ असा कीं, ज्या समाजांत यशस्वी होणें हें प्रत्येकाचें कर्तव्यच मानलें जातें, तेथें गुंड हा शोकांत नायक होतो. यश मिळविणें म्हणजे इतरांहून वेगळें होऊन एकटें पडणें, आणि एकटा पडलेला मारला जातोच. अपयश हें मरण आणि यशही धोक्याचें, या पेंचाचें तो गुंड म्हणजे मूर्तिमंत चित्र होय. अमेरिकन मनाला हें लागू पडत असेल. मुंबईच्या कामकरी तरुणाची गोष्ट थोडी निराळी आहे. यशस्वी होण्याची सक्ती त्याच्यावर कोणी केलेली नसते. त्याच्यापुढचा प्रश्न त्याच्या बऱ्याच अलीकडचा असतो: काम कोण देईल?

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, या बोलपटांत आपणांस गुन्हा दिसतो आणि त्या तरुणाला काम दिसतें. नोकरी कशी लागते, कोणाच्या शब्दानें लागते, तिच्यासाठीं काय मोजावें लागतें, ती गेली म्हणजे घरांत किंमत काय राहते, या एका विषयावर चित्रपटसृष्टीनें जें कांहीं खरें सांगितलें आहे, तें बहुतांशीं गुन्हेगारीच्या बोलपटांतूनच सांगितलें आहे. 

हें पटण्यासाठीं गिरणगांवची जुनी रीत आठवावी लागेल. गिरणींत लागलेला प्रत्येक मनुष्य कायमचा कामगार नसे. पुष्कळजण ‘बदली’ असत. पाळीच्या वेळीं फाटकाशीं उभें राहावयाचें. कायम कामगार गैरहजर असेल तर त्या दिवसापुरतें काम, नसेल तर आल्या वाटेनें परत. कोणाला आंत घ्यावयाचें हें जुन्या काळीं जॉबरच्या हातीं असे. हा जॉबर नुसता मुकादम नव्हता. तो गांवाकडून माणसें आणी, अडीनडीला व्याजानें पैसे देई, खोली पाहून देई, भांडणें तोडी, आणि त्याच्या मर्जींतून उतरलेल्या माणसास दुसऱ्या खात्यांतही काम मिळणें कठीण होई. पुढें बदली कामगारांच्या नोंदणीचे नियम झाले आणि जॉबरची सत्ता घटली; पण कामासाठीं कोणाच्या तरी ओळखीचा हात धरावा लागतो, ही समजूत चाळींतून गेली नाहीं, कारण ती खोटी नव्हती. आतां पडद्यावरचा भाई पाहावा. तोही गांवाहून आलेल्या पोराला हेरतो, खोली देतो, हातावर पैसे ठेवतो, त्याचें भांडण आपलें करतो आणि त्याच्याकडून काम घेतो. पिटांतला तरुण या माणसाला प्रथमच भेटत नसतो. त्याच्या आजोबांनीं त्याच्याच पुढें हात जोडले होते.

‘दीवार’ हा १९७५ सालचा बोलपट या दृष्टीनें पुन्हा पाहण्यासारखा आहे. दिग्दर्शन यश चोप्रा यांचें आणि लेखन सलीम-जावेद यांचें. सोन्याची चोरटी आयात आणि दोन भावांचें वैर हें त्याचें कथानक, असें आपण सांगतों. पण कथेचा आरंभ कोठें होतो? खाणकामगारांच्या एका पुढाऱ्याच्या घरीं. त्याच्या बायकामुलांस वेठीस धरून मालक त्याच्याकडून कामगारांचा घात करणाऱ्या करारावर सही घेतो. कामगार त्याला विश्वासघातकी ठरवितात. तो परागंदा होतो, आणि बाप चोर असल्याचीं अक्षरें मुलाच्या हातावर बळानें गोंदविलीं जातात. आई मुंबईस येऊन बांधकामावर पाट्या वाहते. थोरला मुलगा रस्त्यावर बुटांस पॉलिश करतो, आणि गिऱ्हाइकानें पैसे फेंकले तर ते उचलीत नाहीं. हातांत द्यावयास लावितो. मोठेपणीं तो गोदींत हमाल होतो. तेथें मजुरीच्या पैशांतून गुंड हप्ता कापून घेतात. नव्यानें आलेला एक पोरगा तो नाकारतो आणि जिवास मुकतो. त्यानंतर नाकारण्याची पाळी विजयची येते. धाकटा भाऊ शिकलेला, पण नोकरीसाठीं वणवण हिंडणारा. म्हणजे सोन्याच्या विटा पडद्यावर येण्यापूर्वीं जें सारें घडतें तें मजुरीविषयीं आहे: ती कोण देतो, कशी देतो, आणि तींतून कोण कापून घेतो. फेंकलेले पैसे न उचलणाऱ्या त्या लहान मुलाचा प्रसंग लोकांच्या स्मरणांत इतकीं वर्षें कां राहिला, हें ज्यानें कधीं फेंकलेले पैसे वांकून उचलले आहेत त्याला विचारावें.

‘दीवार’ निघाला त्या वेळीं गिरण्यांचे भोंगे वाजत होते. सात वर्षांनीं, १८ जानेवारी १९८२ रोजीं, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. तो विरत गेला. कित्येक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहींत. ज्या चालूं झाल्या त्यांना पूर्वींइतकीं माणसें लागलीं नाहींत. कांहीं कामगार कोंकणांत आणि घाटावर परत गेले, कांहींनीं मिळेल तें हलकें काम धरलें. बापाची जागा मुलाला मिळावी अशी जी एक आशा प्रत्येक घरांत असे, ती संपली. ज्या मुलांनीं वयाच्या विसाव्या वर्षीं फाटकाशीं उभें राहावयाचें, त्यांना उभें राहावयास फाटकच उरलें नाहीं. तीं नाक्यावर उभीं राहिलीं.

नाक्यावर उभ्या राहिलेल्या अशा मुलांची कथा १९८६ सालीं एन. चंद्रा यांनीं ‘अंकुश’मध्यें सांगितली. चार बेकार तरुण, हातांत वेळच वेळ, अंगांत रग आणि शेजाऱ्यांच्या नजरेंत तिरस्कार. एका सुशील मुलीच्या सहवासानें ते वळणावर येतात. तिच्यावर भयंकर अत्याचार होतो, न्यायालय आरोपींस सोडतें, आणि हे चौघे स्वतः न्याय करून फांसावर जातात. कथेंत भडकपणा आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या चौघांचें नाक्यावरचें बसणें, एकमेकांची थट्टा आणि थट्टेखालचा संताप हीं इतकीं नेमकीं आहेत कीं, तीं कल्पनेनें रचितां येत नाहींत.

त्याआधीं १९८३ सालीं गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ आला होता. त्याचा उगम मराठींतच आहे. श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही कथा आणि विजय तेंडुलकर यांची पटकथा, असा तो योग. तेथें नायक पोलीस-अधिकारी आहे, म्हणून आपणांस तो आपल्या बाजूचा वाटतो. पण अनंत वेलणकराची शोकांतिका तरी कसली आहे? बापाच्या हुकमानें धरलेली नोकरी, ती नेटानें करूं पाहिली तर वरून येणारा दाब, हातून कोठडींत घडलेला एक मृत्यु, आणि मग तीच नोकरी वांचविण्यासाठीं ज्याला तुरुंगांत टाकावयाचें त्या रामा शेट्टीच्याच दारीं जाण्याची पाळी. पोलीस आणि गुंड हे दोघे एकाच पेढीवर हजेरी लावावयास येतात, ही गोष्ट त्या बोलपटानें जितक्या शांतपणें दाखविली तितकी दुसऱ्या कोणी दाखविली नाहीं. कामकरी वस्तींत ती बातमी नव्हती. आपल्या वस्तींत मात्र ती बातमी ठरली, आणि म्हणूनच त्या बोलपटाचा आपण गौरव केला.

१९९८ सालचा रामगोपाल वर्मा यांचा ‘सत्या’ आणि १९९९ सालचा महेश मांजरेकर यांचा ‘वास्तव’ यांनीं हा विचार शेवटास नेला. सत्या या तरुणाला गांव नाहीं, आईबाप नाहींत, पूर्वेतिहास नाहीं. तो मुंबईस उतरतो, बारमध्यें पेले उचलण्याचें काम करतो, तेथें अपमान सोसतो आणि खोट्या आरोपावरून तुरुंगांत जातो. तेथें त्याला भिकू म्हात्रे भेटतो. पुढें सुटका, खोली आणि काम हीं तिन्ही त्याला भिकूकडून मिळतात. राज्यानें किंवा समाजानें त्यांपैकीं एकही दिलेली नसते. या बोलपटांतील टोळीवाले जेवतात, बायकोचीं बोलणीं खातात, पावसांत भिजतात, पैशांवरून कुरकुरतात. टोळी हें तेथें एक कार्यालय आहे, आणि भिकू हा त्यांतील प्रेमळ पण संतापी वरिष्ठ. असा वरिष्ठ आपल्यालाही मिळावा असें त्या तरुणाला वाटलें तर नवल नाहीं. त्याच्या प्रत्यक्षांतील वरिष्ठाला त्याचें नांवही ठाऊक नसतें.

‘वास्तव’मधील रघु तर प्रथम सरळ धंद्यालाच लागतो. मित्रांबरोबर पावभाजीची गाडी टाकतो. गाडीवरच्या एका भांडणांत त्याच्या हातून खून होतो, आणि जीव वांचविण्यासाठीं तो टोळीच्या आश्रयास जातो. पुढें तो गळ्यांत जाड सोनसाखळी घालून घरीं येतो आणि तिचें वजन आईला कौतुकानें सांगतो. हा प्रसंग पाहून पुष्कळ सुशिक्षितांना हंसूं आलें. पिटांत हंसूं आलें नसावें, असें आम्हांस वाटतें. पहिला पगार आईच्या हातीं ठेवण्याची जी आपल्याकडची रीत आहे, तिचेंच हें विकृत रूप आहे. रघूला आईच्या तोंडून एवढेंच ऐकावयाचें आहे कीं, मुलगा कमावता झाला. तेवढें एक वाक्य त्याला मिळत नाहीं, आणि त्या न मिळण्यांत त्या बोलपटाचा सारा शोक आहे.

येथें कोणी म्हणेल, हे बोलपट लोकांना आवडतात याचें कारण त्यांतील आई, दोन भाऊ आणि रक्ताचें नातें हेंच असेल. कामाचा एवढा विस्तार कशाला? या आक्षेपांत अर्थ आहे. ‘दीवार’च्या मागें ‘मदर इंडिया’ आणि ‘गंगा जमना’ आहेत, आणि त्या दोहोंच्याही मागें कर्ण उभा आहे. महाभारतांतील या एका पात्रावर मराठी माणसानें जितका जीव लाविला तितका अर्जुनावरही लाविला नाहीं. पण कर्ण आपणांस प्रिय कां होतो याचा विचार करावा. रंगभूमींत त्याचें कौशल्य कोणी नाकारीत नाहीं. त्याला विचारलें जातें तें कुळ. कुळ सांगतां न आल्यामुळें खालीं पाहणाऱ्या त्या तरुणाला त्या क्षणीं जो राज्य देतो, तो दुर्योधन आहे. दुर्योधनाचा पक्ष अन्यायाचा आहे हें कर्णाला कळत नाहीं असें नाहीं. परंतु ज्यानें सर्वांसमक्ष आपला हात धरला त्याला सोडणें हें त्याला त्याहून मोठें पाप वाटतें. मुलाखतींत ज्याला पत्ता विचारतात आणि पत्ता ऐकून ज्याचा अर्ज बाजूस ठेवतात, त्या तरुणाला ही कथा कोणी समजावून द्यावी लागत नाहीं. भिकू म्हात्रे हा सत्याचा दुर्योधन आहे. म्हणून कौटुंबिक नातें आणि काम हीं दोन वेगळीं कारणें नव्हत. कामाशिवाय घरांत पत नाहीं, आणि घरांत पत नाहीं तेथें काम देणारा परका मनुष्य भाऊ होतो.

हें जर खरें असेल तर आपल्या वाङ्मयानें याची दखल किती घेतली, असा प्रश्न ओघानेंच येतो. घेतलीच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. नारायण सुर्वे यांची कविता, बाबुराव बागूल यांच्या कथा, जयवंत दळवी यांची ‘चक्र’ ही कादंबरी या आपल्याकडच्याच आहेत. पण १९६५ सालीं भाऊ पाध्ये यांनीं ‘वासूनाका’ ही कादंबरी प्रसिद्ध करून नाक्यावरच्या पोरांना त्यांच्याच भाषेंत बोलूं दिलें, तेव्हां काय झालें? अश्लीलतेचा गदारोळ उठला. आचार्य अत्रे यांच्यासारख्या थोर आणि एरवीं सोंवळेपणाचा तिटकारा असलेल्या लेखकानेंही तिच्यावर झोड उठविली. त्या भाषेंत शिव्या होत्या हें खरें. परंतु त्या शिव्यांखालीं रिकाम्या हातांचें जें दुःख होतें, तें वाचण्याइतका धीर त्या वेळीं थोड्यांनाच झाला. पुढें १९९७ च्या सुमारास जयंत पवार यांचें ‘अधांतर’ हें नाटक रंगभूमीवर आलें. संपानंतरच्या एका गिरणी-कामगाराच्या घरांतलीं मुलें एकेका दिशेनें कशीं भरकटतात, आणि त्यांतला एक टोळीच्या वाटेस कसा लागतो, तें त्यांत आहे. त्याच नाटकावरून २०१० सालीं ‘लालबाग परळ’ हा बोलपट निघाला. नाटकांत तो टोळींत गेलेला मुलगा चौघां भावंडांतला एक आहे. त्याच्याइतकेंच महत्त्व घरीं राहिलेल्यांस आहे. आमच्या मतें या विषयावर मराठींत झालेली ही सर्वांत प्रामाणिक कलाकृति होय, आणि तिचा प्रामाणिकपणा याच समतोलांत आहे.

कारण आतां दोषांविषयींही बोललें पाहिजे. त्या तरुणाची आवड समजून घेणें म्हणजे त्याला जें दाखविलें जातें तें सारें चांगलें म्हणणें नव्हे. या बोलपटांचा पहिला दोष असा कीं, ते रोग अचूक सांगतात आणि औषध लपवितात. ‘दीवार’मध्यें कामगारांचा पुढारी पहिल्या कांहीं प्रसंगांत मोडून पडतो, आणि तेथून पुढें दहा माणसांनीं एकत्र येऊन कांहीं मागण्याची शक्यताच कथेंतून नाहींशी होते. हप्ता घेणाऱ्यांशीं गोदींतले सारे हमाल मिळून लढत नाहींत. विजय एकटा गोदामांत शिरून, आंतून कुलूप लावून लढतो. तें दृश्य देखणें आहे, पण मुंबईच्या कामगारांचा इतिहास तसा घडलेला नाहीं. ज्या वस्तीनें अडीच लाखांचा संप पाहिला, त्या वस्तीच्या मुलांना एकट्याच्या मुठीची कथा पुनःपुन्हा सांगणें ही त्यांची एक प्रकारची फसवणूक आहे.

दुसरा दोष स्त्रियांविषयींचा. गिरणगांवांत खानावळी चालवून बायकांनीं शेंकडों एकट्या कामगारांना जेवूं घातलें. संपाच्या काळांत कित्येक घरें बायकांच्याच कष्टांवर तगलीं. पडद्यावर ही बाई आई होऊन येते आणि रडते, किंवा प्रेयसी होऊन येते आणि वाट पाहते. कामाचा प्रश्न तिलाही आहे, हें या बोलपटांस क्वचित् सुचतें. भावाबरोबर चित्रपटाला आलेल्या बहिणीनें त्यांत स्वतःला कोठें शोधावें?

तिसरा दोष अलीकडच्या बोलपटांचा. २००७ सालचा ‘शूटआउट अ‍ॅट लोखंडवाला’ किंवा २०१० सालचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई’ यांसारख्या चित्रांत भाईचे कपडे उंची झाले, संवाद टाळ्यांसाठीं घासून-पुसून झाले, आणि ज्या खोलींतून तो निघाला ती खोली पडद्याच्या कडेला सरकली. पगार, भाडें, फाटक, रांग हीं गेलीं. पिस्तूल तेवढें उरलें. सुशिक्षितांनीं ज्या अनुकरणाची भीति धरली ती अशाच चित्रांविषयीं सार्थ आहे. या जातीच्या बोलपटाची परीक्षा करावयाची तर, त्यांत किती खून झाले हें मोजूं नये. नायकाच्या हातीं पिस्तूल येण्यापूर्वीं त्याचें पोट कशावर भरत होतें, हें बोलपटानें सांगितलें आहे कीं नाहीं तें पाहावें. ज्यानें तें सांगितलें त्यानें त्या तरुणाला माणूस समजून वागविलें. ज्यानें तें गाळलें त्यानें त्याला गिऱ्हाईक समजून वागविलें.

हे सर्व बोलपट ज्यांनीं पाहिले त्यांपैकीं बहुतेक तरुण गुंड झाले नाहींत. त्यांनीं रिक्षा चालविल्या, घरोघर सामान पोंचविलें, दुसऱ्याच्या इमारतींवर पहारा केला. विजय, भिकू आणि रघु यांचें मरण पाहून त्यांनीं काय घेतलें असेल? आम्हांस वाटतें, त्यांनीं एक साक्ष घेतली. आपण नाक्यावर उभे आहों तें आळसामुळें नव्हे. या शहरांत काम मिळण्याची वाट खरोखरच अरुंद आहे, आणि तिच्या तोंडाशीं कोणी तरी हात पसरून बसलेला आहे, हें आपल्यावांचून दुसऱ्या कोणालाही दिसलें, एवढी ती साक्ष. घरांतील वडील माणसें, शाळेंतील गुरुजी आणि वर्तमानपत्रें त्याला नेहमीं उलट सांगत आलीं: मेहनत कर, सारें ठीक होईल. मेहनत करणाऱ्या बापाचें काय झालें तें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें.

पुढें १९९१ सालच्या नियमांनीं गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी झाली, आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर मोठा बाजार उभा राहिला. त्यांत थंडगार चित्रगृहें आहेत. तेथें पिट नाहीं, आणि तिकिटाचा दर असा कीं, त्या बाजाराच्या दारांत गणवेष घालून उभ्या असलेल्या रखवालदारास सहकुटुंब आंत जाणें सहज परवडूं नये. त्याच्या हातांतल्या मोबाइलवर तो हेच बोलपट तुकड्या-तुकड्यांनीं पाहतो. आपण आंत जातांना तो आपली पिशवी तपासतो, आणि आपण त्याच्याकडे न पाहतां पुढें जातों. गुन्हेगारीच्या बोलपटांनीं तरुण पिढी बिघडते काय, याची चर्चा आपण आंत बसून अवश्य करावी. पण एकदां बाहेर पडतांना त्याला तो कोठला, त्याचे वडील कोणत्या खात्यांत होते, आणि हें काम त्याला कोणाच्या ओळखीनें लागलें, एवढें तरी विचारावें. ज्या बोलपटांनीं त्याला हें विचारलें तेच त्याला आपले वाटले, यांत त्याचा दोष कोणता, हें आम्हांस अजून कोणी समजावून दिलेलें नाहीं.